आरोग्याचा ताळेबंद कोण मांडणार?



आपल्या सीमाभागात गेली काही वर्षे आरोग्य योजनेवरून जे रण पेटले आहे, त्यावर सभा झाल्या, निवेदने झाली, वर्तमानपत्रांचे रकाने भरले. महाराष्ट्राची बाजू मांडली गेली, कर्नाटकाची मांडली गेली. रुग्णाची बाजूही सगळ्यांनी आपापल्या परीने मांडली. राहून गेली ती हिशेबाची बाजू. आमचे आयुष्य बँकेत आकडे जुळवण्यात गेले. त्यामुळे कोणताही मोठा आकडा ऐकला की त्याला भागून पाहिल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. हा लेख त्या सवयीतून आला आहे. असा भागाकार करणे हाच ज्यांचा पेशा आहे, त्या आरोग्य-अर्थतज्ज्ञांची ओळख करून देणे हा त्याचा दुसरा हेतू आहे.

आधी घटना थोडक्यात. २०२३ च्या मार्च-एप्रिलमध्ये महाराष्ट्र सरकारने महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातील १२ तालुक्यांतल्या ८६५ गावांना लागू करण्याचे ठरवले आणि त्यासाठी ५४ कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली. तेव्हाचे कर्नाटकाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी त्याला तीव्र हरकत घेतली. पुढे कर्नाटकात सरकार बदलले, पण हरकत बदलली नाही. २०२४ च्या सुरुवातीला नोंदणी केंद्रांवरून बेळगावात पुन्हा वाद झाला आणि जिल्हा प्रशासनाने त्या कामाला आक्षेप घेतला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासूनचे दुखणे आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेला दावा पाहता यात नवल काहीच नाही.

आता भागाकार. ५४ कोटींना ८६५ ने भागले की गावामागे सरासरी सव्वासहा लाख रुपये येतात. तेव्हा या योजनेची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला दीड लाख होती. म्हणजे एकेका कुटुंबाने पूर्ण मर्यादा वापरली, तर सगळ्या सीमाभागात मिळून ३,६०० कुटुंबे, गावामागे जेमतेम चार. पुढे महाराष्ट्राने ही मर्यादा पाच लाखांवर नेली. त्या हिशेबाने ती १,०८० कुटुंबे होतात. अर्थात प्रत्येकजण मर्यादेपर्यंत जात नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीत खासगी रुग्णालयात एकदा दाखल होण्याचा देशातील सरासरी खर्च ३१,८४५ रुपये निघाला होता, आणि सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये. खासगीचा दर धरला तर ५४ कोटींत सुमारे १७ हजार रुग्णांची सोय होते, गावामागे वीसेक.

वीस रुग्ण म्हणजे थोडे नव्हेत. ज्याच्या घरी हृदयाची शस्त्रक्रिया आहे, त्याला ते एकच कार्ड लाखमोलाचे. पण हा आकडा डोळ्यांसमोर असला की वादाची उंची आपोआप योग्य मापाची होते. ही मदत किती खोल जाते, कुणापर्यंत पोचते आणि कशाला पुरत नाही, हे विचारता येते. ते विचारण्याचे शास्त्र म्हणजे आरोग्य-अर्थशास्त्र.

हा पेशा नेमका काय?

या शास्त्राचा पाया बहुतेक जण केनेथ अ‍ॅरो यांच्या १९६३ च्या एका निबंधात मानतात. अ‍ॅरो यांना पुढे १९७२ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांचे म्हणणे साध्या भाषेत असे. आरोग्य ही बाजारातल्या भाजीसारखी वस्तू नाही. भाजी आपण निवडून घेतो, भाव पटला नाही तर पुढच्या टोपलीकडे जातो. आजारात मात्र काय घ्यायचे हे विकणाराच ठरवतो, कधी लागेल ते कुणालाच ठाऊक नसते, आणि घेतल्यावर ते गरजेचे होते का हेही आपल्याला कळत नाही. म्हणून इथे बाजाराचे नेहमीचे नियम अपुरे पडतात.

मग उपाय काय? सरकारने फुकट द्यावे, की विमा काढावा, की थोडा भार रुग्णावर ठेवावा? यावर भाषणे करण्यापेक्षा मोजून पाहावे, असे अमेरिकेतील रँड या संस्थेने ठरवले. १९७० च्या दशकात जोसेफ न्यूहाउस यांच्या नेतृत्वाखाली तिथे हजारो लोकांना वेगवेगळ्या प्रकारचा विमा देऊन काही वर्षे त्यांची नोंद ठेवली गेली. ज्यांना खिशातून काही भाग भरावा लागला ते दवाखान्यात कमी गेले. पण त्यांनी अनावश्यक उपचार जसे कमी केले, तसे आवश्यक उपचारही कमी केले. गरीब आणि आधीच रक्तदाब असलेल्यांना मोफत उपचाराचा फायदा झालेला दिसला. 'थोडे पैसे घेतले की लोक शहाण्यासारखे वागतात' हे म्हणणे किती अर्धवट आहे, हे त्यातून कळले.

आरोग्य-अर्थतज्ज्ञाची कारकीर्द अशी असते. प्रश्न साधा, उत्तर मिळायला दहा वर्षे.

आपल्याच विभागातली एक रेष

हे सगळे परदेशातले झाले. पण या शास्त्रातला एक गाजलेला अभ्यास आपल्या कर्नाटकात, आपल्या बेळगाव विभागाचा ज्यात समावेश होतो त्या उत्तर भागाच्या कडेवर झाला आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल.

फेब्रुवारी २०१० मध्ये कर्नाटक सरकारने वाजपेयी आरोग्यश्री योजना आणली. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना हृदयविकार, कर्करोग यांसारख्या मोठ्या आजारांवर ठरलेल्या रुग्णालयांत मोफत उपचार. हप्ता नाही, वेगळी नोंदणी नाही, रेशन कार्ड हेच पुरे. योजना आधी राज्याच्या उत्तर भागात आली आणि दक्षिणेत २०१२ च्या ऑगस्टमध्ये पोचली. मधल्या अडीच वर्षांत नकाशावर एक रेष तयार झाली. रेषेच्या या बाजूच्या गावाला योजना, चार मैलांवरच्या त्या बाजूच्या गावाला नाही. पाऊस तोच, पिके तीच, भाषा तीच, गरिबी तीच. फरक फक्त कार्डाच्या उपयोगाचा.

नीरज सूद हे भारतीय वंशाचे आरोग्य-अर्थतज्ज्ञ. त्यांची डॉक्टरेट वर उल्लेखलेल्या रँडच्याच पदव्युत्तर संस्थेतली. पुढे ते लॉस एंजेलिस येथील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्यांनी, बंगळूरच्या आयआयएममधील अर्णब मुखर्जी यांनी आणि जागतिक बँकेतील सोमिल नागपाल आदी सहकाऱ्यांनी ही रेष अचूक हेरली. रेषेच्या अलीकडची ३०० आणि पलीकडची २७२ गावे घेतली. दोन्हीकडची मिळून सुमारे ६० हजार घरे विचारून काढली. २०१४ साली हा अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला.

निष्कर्ष असा. योजनेत बसणाऱ्या आजारांनी होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण योजना असलेल्या गावांतील गरीब कुटुंबांत ०.३२ टक्के, तर योजना नसलेल्या गावांतील गरीब कुटुंबांत ०.९० टक्के. दारिद्र्यरेषेवरच्या, म्हणजे योजनेत न बसणाऱ्या कुटुंबांत मात्र दोन्हीकडे असा फरक नव्हता. फरक योजनेचाच आहे, गावाच्या हवापाण्याचा नाही, असे म्हणायला ही जोडतपासणी उपयोगी पडते. आम्ही बँकवाले याला उलटतपासणी म्हणू. शिवाय रुग्णालयाचा पदरचा खर्चही सुमारे एक-तृतीयांशाने कमी झालेला आढळला.

इतका मोठा फरक एकट्या योजनेने पडावा का, असा प्रश्न कुणीही विचारू शकतो, आणि विचारायलाच हवा. पण आमच्या मते यातली शिकण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. सीमारेषा म्हणजे आपल्याला भळभळती जखम. या मंडळींनी एका सरकारी रेषेचे मोजपट्टीत रूपांतर केले. रेषेच्या दोन बाजूंना माणसांचे काय होते, हे मोजून सरकारसमोर ठेवले. सीमाभागात राहणाऱ्या आपल्याला हे सुचायला हवे. निपाणी आणि कागल, बेळगाव तालुका आणि चंदगड, एकाच बोलीतली, एकाच सोयरिकीतली गावे दोन राज्यांच्या दोन योजनांखाली राहतात. त्यांची तुलना करण्यासारखा अभ्यासविषय दुसरा कुठे सापडणार?

कार्ड आहे, पण...

एका अभ्यासावर विसंबणे बरे नव्हे. म्हणून दुसरी बाजू.

२००८ साली केंद्राने राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आणली होती. ३० रुपये भरून कुटुंबाला वर्षाला ३० हजारांचे संरक्षण. अनुप करण, विनी यिप आणि अजय महाल या तिघांनी २०१७ साली तिचा ताळा घेतला. गरीब कुटुंबांच्या पदरच्या खर्चात म्हणावी तशी घट त्यांना दिसली नाही. त्याच योजनेवर अनुप मलानी आणि सहकाऱ्यांनी कर्नाटकातच, गुलबर्गा आणि म्हैसूर जिल्ह्यांत सुमारे ११ हजार कुटुंबे घेऊन मोठा प्रयोग केला. विमा पूर्ण किमतीला देऊ केला तरी सुमारे ६० टक्के कुटुंबांनी घेतला. म्हणजे आपल्या लोकांना विम्याचे महत्त्व कळत नाही, हा समज खोटा. पण घेतलेला विमा वापरताना अनेकांची गाडी अडली. कुणी कार्ड विसरले, कुणाला कसे वापरायचे ते समजले नाही, कुठे रुग्णालयाने स्वीकारले नाही.

हे वाचताना आम्हाला आमच्या भागातली परवड दिसते. गुंजी हे खानापूर आणि लोंढा यांच्यामधले, रेल्वे असलेले पण रानाला लागून असलेले गाव. आजार साधा असेल तर खानापूर, मोठा असेल तर बेळगावचे सिव्हिल किंवा खासगी रुग्णालय, त्याहून मोठा तर मिरज, कोल्हापूर किंवा गोव्यातले बांबोळी. म्हणजे एका रुग्णामागे तीन राज्ये. कर्नाटकाच्या आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, वरच्यांना ठरलेल्या दराच्या ३० टक्के, तेही वर्षाला दीड लाखापर्यंत. गोव्याने जानेवारी २०१८ पासून बांबोळीत परराज्यातील रुग्णांना शुल्क लावले. आपल्या करदात्यांच्या पैशांवर शेजाऱ्यांचा भार किती घ्यायचा, हा गोव्याचा प्रश्न रास्त होता. ज्याच्या जवळ दुसरे मोठे रुग्णालय नाही त्याने कुठे जायचे, हा सिंधुदुर्गातल्या रुग्णाचा प्रश्नही तितकाच रास्त होता. राज्यांच्या योजना राज्याच्या हद्दीवर थांबतात, आजार थांबत नाही. यावर तोडगा भावनेने निघणार नाही. कोणत्या तालुक्यातून किती रुग्ण कुठे जातात आणि त्यांचा खर्च कोणत्या राज्याने कोणाला किती भरून द्यायचा, याचा तक्ता मांडला तर निघेल. आंतरराज्य हिशेब बँका रोज करतात. दवाखान्यांच्या बाबतीतच तो अशक्य का असावा?

योजनेच्या बाहेरचा खर्च

आम्ही नोकरीत असताना सोनेतारण कर्जाच्या टेबलावर काही वर्षे होतो. कागदावर कर्जाचे कारण शेती, बियाणे, खत असे असायचे आणि पीक पाहता ते खरेही असायचे. पण पैसे मोजून घेताना बायाबापड्या दोन शब्द बोलायच्या, त्यात दवाखाना हमखास असायचा. ऑपरेशन क्वचित. बहुतेक वेळा सासऱ्याचा दमा, स्वतःची साखर, मुलाचा वारंवार येणारा ताप. पाटल्या सुटायच्या त्या महिन्यामहिन्याच्या गोळ्यांनी.

आमच्या या अनुभवाला पुढे आकड्यांचा आधार मिळाला. शक्तिवेल सेल्वराज, हबीब फारुकी आणि अनुप करण यांनी २०१८ साली दाखवून दिले की २०११-१२ या एका वर्षात उपचाराच्या खर्चामुळे देशातील सुमारे साडेपाच कोटी लोक दारिद्र्यरेषेखाली ढकलले गेले, आणि त्यातले ३.८ कोटी केवळ औषधांच्या खर्चामुळे. आता आपल्या योजना पाहा. फुले योजना असो, आरोग्य कर्नाटक असो, त्यांचा सगळा भर रुग्णालयात दाखल होण्यावर. मेडिकल दुकानातली चिठ्ठी त्यात बसत नाही. ज्या खर्चाने घर पोखरते, तो खर्च दोन्ही सरकारांच्या भांडणाच्या बाहेरच राहिला आहे.

यावर उपाय नाही असे नाही. तामिळनाडूने १९९५ पासून औषध खरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ चालवून सरकारी दवाखान्यांत औषधे नियमित पोचवली. राजस्थानने २०११ साली सरकारी दवाखान्यांत मोफत औषधे सुरू केली. विम्याच्या कार्डाइतका त्याचा गाजावाजा होत नाही, कारण गोळ्यांच्या पाकिटावर पुढाऱ्याचा फोटो छापता येत नाही.

आपल्या मातीतला माणूस

या विषयाशी आपल्या भागाचे एक जुने नाते आहे. जे. पी. नाईक यांचा जन्म १९०७ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचा. १९३२ च्या सविनय कायदेभंगात ते बळ्ळारीच्या तुरुंगात होते. तिथे त्यांनी आजारी कैद्यांची शुश्रूषा केली आणि वैद्यकाचा अभ्यास केला. सुटल्यावर धारवाड जिल्ह्यातल्या उप्पिन बेटगेरीत खेड्याचे काम केले. पुढे गारगोटीचे मौनी विद्यापीठ, शिक्षण आयोग आणि भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद, असा त्यांचा प्रवास सर्वांना ठाऊक आहे. शिक्षणतज्ज्ञ म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण आयुष्याच्या शेवटच्या पर्वात, वैद्यकीय संशोधन परिषद आणि सामाजिक विज्ञान परिषद यांच्या संयुक्त अभ्यासगटात, डॉ. रामलिंगस्वामी यांच्यासोबत त्यांनी 'सर्वांसाठी आरोग्य' या अहवालाला मोठा हातभार लावला. १९८१ साली तो अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नाईक गेले.

त्या अहवालाने सांगितले होते की इ. स. २००० पर्यंत आरोग्यावरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्क्यांपर्यंत न्यावा, आणि भर मोठ्या रुग्णालयांपेक्षा गावपातळीवरच्या सेवेवर द्यावा. आज काय स्थिती आहे? २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी खर्चासाठी २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता, आणि त्यातही कोविडचे वर्ष होते. त्याच लेख्यांत एक चांगली बातमीही आहे. एकूण आरोग्यखर्चातील लोकांच्या खिशातला वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो ३९.४ टक्क्यांवर आला. मात्र हा अंदाज बऱ्याच अंशी २०१७-१८ च्या पाहणीवर उभा आहे. ताळेबंद वाचताना तळटीप आधी वाचावी, हा आमच्या धंद्यातला नियम इथेही लागू पडतो.

मुलांसाठी दोन शब्द

आपल्याकडे मुलगा किंवा मुलगी हुशार निघाली की डॉक्टर, नाहीतर इंजिनिअर. वाणिज्य किंवा अर्थशास्त्र घेतले की घरचे म्हणतात, आता बँकेच्या परीक्षा दे. आमची त्याला हरकत नाही, आमचे पोट त्यावरच भरले. पण आकड्यांत रस आणि माणसांविषयी कळवळा या दोन्ही गोष्टी ज्याच्याकडे आहेत, त्याला हा तिसरा रस्ता मोकळा आहे. बेळगावात राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे. धारवाडला प्रा. पी. आर. पंचमुखी यांनी उभी केलेली सीएमडीआर ही संशोधन संस्था आहे. पुण्यात गोखले इन्स्टिट्यूट, मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था आणि देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था, बंगळूरला आयसेक. यांतली एकही जागा आपल्याला रात्रीच्या प्रवासापलीकडे नाही.

या कामाचा उपयोग होतो का? होतो. चंडीगडच्या पीजीआयमधील डॉ. शंकर प्रिंजा यांच्या पुढाकाराने देशभरातील रुग्णालयांत एकेका उपचाराला खरा खर्च किती येतो, याचा अभ्यास झाला. आयुष्मान भारतचे दर सुधारताना तो वापरला गेला. दर चुकीचा ठरला तर काय होते, हे आपण पाहतोच. दर फार कमी असेल तर रुग्णालय 'जागा नाही' म्हणते, फार जास्त असेल तर नको ते ऑपरेशन होते. एका बरोबर आकड्याने किती घरे वाचतात, याचा विचार करावा.

आणि ज्यांचे शिकण्याचे वय गेले, त्यांनी काय करावे? आमचे एक साधे सुचवणे आहे. प्रत्येक घरात दुधाची आणि किराणा दुकानाची वही असते, तशी दवाखान्याची वही ठेवावी. तारीख, कुणासाठी, कुठे गेलो, गाडीभाडे किती, तपासणी किती, औषध किती, कोणते कार्ड चालले आणि कोणते चालले नाही. मराठीत लिहा, कन्नडमध्ये लिहा, आकडे तेच येतात. गुंजी आणि आजूबाजूच्या गावांतल्या पन्नास घरांनी वर्षभर एवढे केले, तर नावे झाकून तो कागद आमदारापुढे ठेवता येईल, जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवता येईल, मुंबईच्या मंत्रालयातही नेता येईल. पुढे एखादी आपलीच लेक त्यावर प्रबंध लिहील.

सीमाप्रश्नाचा निकाल न्यायालय देईल तेव्हा देईल. त्याची वाट पाहत आपण एवढी वर्षे काढली आहेत. दम्याच्या गोळीला तेवढी वाट पाहता येत नाही. दोन्ही सरकारांनी आपल्यासाठी काय केले, हे त्यांनी सांगावेच. पण आपल्या घरातून किती गेले, हे आपल्या वहीत असले पाहिजे. वही असलेल्या माणसाशी बोलताना साहेब जरा सांभाळून बोलतो, हे आम्ही टेबलाच्या त्या बाजूला बसून पाहिले आहे.